अठरावी नोंद

सकाळी दहाच्या ठोक्याला एकनाथ सरांची स्कूटर कॉलेजच्या फाटकातून आत शिरायची तेव्हा त्यांच्या पायांमध्ये पाण्याचा कॅन असायचा. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख, वय छप्पन्न, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका. एवढा मोठा माणूस रोज घरून पाणी आणतो, कॅन स्वतः दोन जिने चढवतो आणि आपल्या केबिनमधल्या तांब्याच्या हंड्यात फडक्यातून गाळून ओततो, याचं कॉलेजात सगळ्यांना कौतुक होतं. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. कॉलेजच्या टाकीतलं पाणी कधी पिवळट, कधी नुसतंच गढूळ. त्यामुळे सरांच्या या नेमाकडे वाकड्या नजरेनं बघायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

विभागातले प्राध्यापक लागेल तेव्हा केबिनमध्ये जाऊन हंड्याचं झाकण उचलत, ओगराळ्यानं पाणी घेत. प्रयोगशाळेतली परिचर नागम्मा मात्र अकरा वाजता यायची. ती उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. हातात अर्ध्या लिटरची तपकिरी काचेची बाटली, रसायनं ठेवतात तसली. ती दोन्ही हातांनी पुढे धरायची आणि सर वरून धार सोडायचे. ओगराळं बाटलीच्या गळ्याला कधी टेकत नसे.

"बास सर."

"घे गं अजून. ऊन वाढलंय," सर मायेनं म्हणायचे.

उत्कर्षा डिसेंबरमध्ये प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली, अकरा महिन्यांच्या करारावर. बी. एस्सी. ला रसायनशास्त्रात विद्यापीठात तिसरी आलेली, वैरागची मुलगी. पहिल्याच दिवशी तिनं हे पाणी देणं पाहिलं आणि तिच्या नजरेत काहीच खुपलं नाही. वैरागला तिची आजी खुरपायला आलेल्या बायकांना ओसरीच्या कडेला उभं राहून असंच पाणी द्यायची. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट डोळ्यांना दिसत असते, पण तिची नोंद होत नाही.

एरवी नोंदी करणं हा तर उत्कर्षाचा स्वभावच होता. लागल्यानंतर पहिल्या आठवड्यात तिनं एक दोनशे पानी वही आणली आणि तिच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'प्रयोगशाळेतील धोके'. मग रोज संध्याकाळी मुलं गेल्यावर ती एकेका टेबलाशी उभी राहून बघायची. सल्फ्युरिक आम्लाची मोठी बाटली डोक्यापेक्षा उंच फळीवर आहे, ती खाली हवी. वाळूच्या बादलीत वाळूपेक्षा बिडीची थोटकं जास्त. मोरीपासून हातभर अंतरावर विजेचा एक्स्टेंशन बोर्ड. गॅसच्या नळीला चीर पडून तिच्यावर चिकटपट्टी. डोळे धुवायची सोय नाही. नववी नोंद होती लेबलांची: 'कागदी लेबलं डिंकानं चिकटवलेली आहेत. ओघळ लागला की गळून पडतात. वरून पारदर्शक टेप लावणे.' आणि अकरावी होती हातमोज्यांची.

या अकराव्या नोंदीसाठी तिनं एके दिवशी नागम्माला मोरीपाशी गाठलं.

"नागम्माक्का, हात दाखवा बघू."

"काय बघतीस तंगी? भविष्य?" नागम्मा हसली. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. नागम्मा मूळची मैंदर्गीची, शाळा कानडीत चौथीपर्यंत झालेली. नवरा मायाप्पा याच प्रयोगशाळेत परिचर होता. तो वारल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं, त्याला नऊ वर्षं झाली. "भविष्य कवाच धुऊन गेलंय बग."

खरंच, तळहातावरच्या रेषा जवळजवळ पुसल्या होत्या. बोटांची टोकं पांढरी, सोललेली. नखांच्या कडा जळाल्यासारख्या पिवळ्या.

"मोजे नाही का देत तुम्हाला?"

"हायत की. सायबांच्या कपाटात दोन जोड हायत. तपासणी आली की घालती मी. लई छान दिसत्यात."

उत्कर्षा ते मोजे मागायला केबिनमध्ये गेली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मोजे घातले की हातातून काच निसटते. ती सवयीनं करते, करू दे," ते म्हणाले. "आणि आपण काळजी घेतोच ना? तिच्या हाताला दिवसभर आम्ल, अल्कली काही ना काही लागलेलं असतं. म्हणून तर हंड्याला हात लावू देत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न आहे, बाकी काही नाही."

उत्कर्षाला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. आपणही दिवसभर त्याच बाटल्या हाताळतो आणि त्याच हातांनी ओगराळं धरतो, हा विचार प्रयोगशाळेकडे परतताना एकदा तिच्या मनाला चाटून गेला. तिनं तो वहीत लिहिला नाही.

नागम्माची पाण्याची बाटली मोरीमागच्या खिडकीत असायची. तिच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला होता.

"हा कसला दोरा, अक्का? देवाचा?"

"अय्यो, देवाचा कुटला! मिठाईच्या पुड्याचा हाय. ह्या समद्या बाटल्या येकसारख्याच. कोन चुकून त्यात काय वतलं म्हंजी? म्हनून खूण."

"मग घरून स्टीलची नाही तर प्लॅस्टिकची बाटली आणायची ना."

नागम्मानं बीकर विसळता विसळता खांदे उडवले. "आनली हुती पयल्यांदा. सायेब म्हनले, ही कॉलेजची घे, हीच रोज आन. पानी कुनाचं त्ये लगीच कळतंय म्हनले."

प्रयोगशाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या नियमांचा फलक होता. त्यातला चौथा नियम असा: 'प्रयोगशाळेत खाऊ-पिऊ नये.' तो फलक आणि नागम्माची बाटली एकाच भिंतीवर होते, मध्ये चार हातांचं अंतर. उत्कर्षानं जानेवारीअखेर सतरा नोंदी पूर्ण केल्या, त्या सुवाच्य अक्षरात उतरवून सरांना दिल्या. सरांनी पाठ थोपटली आणि कागद फाइलला लावला.

फेब्रुवारीत बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या. बाहेरचे परीक्षक साडेदहाला येणार होते. सव्वादहाला सर पूर्ण प्रयोगशाळेतून एक फेरी मारून आले. खिडकीपाशी थांबले.

"हे काय? दोराबिरा बांधलेली बाटली! बाहेरचा माणूस बघेल तर काय म्हणेल, विज्ञानाच्या विभागात करणी चालते? काढा तो दोरा. आणि बाटली तिथून उचला."

नागम्मा तेव्हा तळमजल्यावरून पाण्याच्या बादल्या आणत होती. उत्कर्षानं कात्री घेतली, दोरा कापला, कचऱ्याच्या डब्यात टाकला. बाटलीत कालचं बोटभर पाणी होतं. ती तिनं खालच्या फळीवर ठेवली, रांगेच्या टोकाला. त्याच रांगेत तिनं आदल्या दिवशी तयार केलेला कॉस्टिक सोड्याचा तीव्र द्राव होता. त्यासाठी प्लॅस्टिकच्या बाटल्या तिनं मागितल्या होत्या, त्या आल्या नव्हत्या. म्हणून तोही तसल्याच तपकिरी बाटलीत. अक्का वर आली की सांगायचं, असं तिनं मनाशी म्हटलं. तेवढ्यात पहिल्या तुकडीची घंटा झाली.

वीस-वीस मुलांच्या तीन तुकड्या. अकरा वाजता बाटली घेण्याआधी नागम्मा केबिनपर्यंत डोकावायला गेली आणि परतली. आत परीक्षक बसले होते, सरांच्या समोर चहा-पोहे चालले होते. त्यांच्यासमोर उंबऱ्याशी उभं राहून पाणी मागायचं म्हणजे सरांना आवडलं नसतं. एक वाजता पुन्हा गेली, पुन्हा परतली. दोन वाजता टाकी संपली आणि मोरीचा नळ फुसफुसून बंद पडला. उरलेली भांडी तिनं बादलीतल्या पाण्यावर भागवली. पत्र्याचं छप्पर, फेब्रुवारीतच चाळिशीकडे झुकलेला पारा, बारा बर्नर एकदम पेटलेले.

दुसऱ्या तुकडीच्या वेळी कॉस्टिकची बाटली हातोहात फिरली. कडेनं ओघळ आले, ओल्या लेबलाचा डिंक सुटला आणि ते कुठल्याशा टेबलाखाली पडलं. घाईघाईत उत्कर्षानं बाटली परत फळीवर ठेवली, टोकाला. तिच्या आतल्या बाजूला नागम्माची बाटली सरकली. लेबल पडल्याचं उत्कर्षाच्या लक्षात आलं होतं. तुकडी संपली की नवीन लावू, असं तिनं ठरवलं. त्या दिवशी तिनं अशा पुष्कळ गोष्टी ठरवल्या होत्या.

चार वाजता शेवटचा मुलगा बाहेर पडला. कालचं बोटभर पाणी आठवून नागम्मानं खिडकीत पाहिलं. मग फळीवर.

"तंगी, माजी बाटली?"

उत्कर्षा खोलीच्या दुसऱ्या टोकाला उत्तरपत्रिका मोजत होती. तेवीस, चोवीस. "खालच्या फळीवर, टोकाला," तिनं मान वर न करता सांगितलं.

नागम्मानं टोकाची बाटली घेतली. मान मागे टाकली आणि गावाकडे पितात तसं, तोंड न लावता, वरून सरळ घशात ओतलं.

बाटली फुटल्याच्या आवाजानं उत्कर्षानं मान वर केली. नागम्मा दोन्ही हात गळ्याशी नेऊन गुडघ्यांवर बसली होती. तोंडातून आवाज येत नव्हता. फरशीवर पसरलेल्या द्रावाला कसलाही रंग नव्हता, वास नव्हता. अगदी पाण्यासारखा दिसत होता.

केबिनमधून सर धावत आले. क्षणभरात त्यांना कळलं. "लिंबू! नाही तर ॲसिटिक द्या पातळ करून, अल्कली मारलं पाहिजे!"

"नको सर! आत उष्णता निघेल, अजून भाजेल. उलटीही काढायची नाही. पाणी, फक्त पाणी, तोंड धुवायला!" उत्कर्षा नळाकडे धावली. कोरडा. बादलीच्या तळाशी भांड्यांचं धुवण होतं. सगळ्या मजल्यावर स्वच्छ पाणी एकाच ठिकाणी होतं.

ती केबिनमध्ये शिरली. तिच्या मागोमाग सर आले आणि तिच्या आधी हंड्यापाशी पोहोचले. झाकणावर त्यांचा हात होता.

"थांब," ते धापा टाकत म्हणाले. "थांब, मी देतो ओतून."

आणि ते ओगराळं शोधू लागले. ओगराळं त्या दिवशी परीक्षकांच्या पाहुणचारात कुठेतरी टेबलावर गेलं होतं. ते फायली उचलून बघत होते, बशा सरकवत होते. उत्कर्षाला पुढे किती तरी दिवस ते दृश्य आठवत राहिलं. त्यांच्या डोळ्यांत दुष्टपणा नव्हता. खरी घाबरगुंडी होती, खरी काळजी होती. फक्त हाताला दुसरा रस्ता माहीत नव्हता.

तिनं झाकण ढकलून दिलं. ते फरशीवर खणखणत गेलं. हंड्याशेजारचं फुलपात्र हात मनगटापर्यंत बुडवून भरून ती धावली. एकदा, दोनदा, पाच वेळा. नागम्मानं ते फुलपात्र दोन्ही हातांनी धरलं, चूळ भरली, लाल पाणी थुंकली, पुन्हा भरली. नऊ वर्षांत त्या हंड्यातलं पाणी तिनं पहिल्यांदा हंड्याच्याच भांड्यानं तोंडाला लावलं.

नागम्मा वाचली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, अन्ननलिका भाजली आहे, पोटात नळी घालून पातळ अन्न द्यावं लागेल, किती महिने ते सांगता येत नाही. आवाज येईल, पण पूर्वीसारखा येईलच असं नाही.

तिसऱ्या दिवशी सरांनी उत्कर्षाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टंकलेला कागद होता.

"अपघाताचा अहवाल. प्रयोगशाळेची जबाबदारी तुझ्याकडे आहे, सही तुझी लागते."

तिनं वाचला. 'परिचर श्रीमती नागम्मा मायाप्पा यांनी नियम क्रमांक चारचे उल्लंघन करून प्रयोगशाळेत पिण्याचे पाणी बाळगले व निष्काळजीपणाने रसायनाची बाटली तोंडाला लावली. अपघातास सर्वस्वी त्या स्वतः जबाबदार आहेत.'

"सर, ही सही झाली तर त्यांची नोकरी जाईल."

"संस्था काय करेल ते मी कसं सांगू? नियम चार भिंतीवर आहे की नाही? तिनं मोडला की नाही?"

"त्यांना पाणी ठेवायला दुसरी जागा नव्हती. बाटलीसुद्धा तुम्हीच..."

"उत्कर्षा." सरांचा आवाज अजिबात चढला नाही. "दोरा कुणी कापला?"

तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला.

"लेबल पडलेलं तुला माहीत होतं. बाटली फळीवर तू ठेवलीस. टोकाला आहे असं तिला तू सांगितलंस. मी हे काही लिहिलेलं नाही. का नाही लिहिलं? तर पोरीचं सगळं आयुष्य पडलंय पुढे. जूनमध्ये कायम जागेसाठी नाव मीच पाठवणार आहे. तू खोलात शिरायला लागलीस, तर पहिलं नाव तुझंच निघेल, बाळ. मला तुझी काळजी वाटते."

त्यांना खरंच वाटत असावी. हेच तर भयंकर होतं. उत्कर्षानं नजर वळवली आणि ती हंड्यावर गेली. हंडा लखलखत होता. चिंच लावून, राखेनं, आतून-बाहेरून घासलेला. नव्या भांड्यासारखा. फुलपात्र जागेवर नव्हतं. त्याच्या जागी दुसरं, नवं होतं.

"उद्यापर्यंत वेळ दे मला... द्या मला," ती कसंबसं म्हणाली.

संध्याकाळी तिनं वैरागला फोन केला. वडील सयाजीराव जिल्हा परिषदेच्या शाळेत लिपिक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू काय मुद्दाम केलंस का? न्हाई ना? मग सही कर आन मोकळी हो."

"आबा, त्यांना पाणी वेगळं होतं म्हणून झालं हे सगळं."

"वेगळं म्हंजी? दिलं तर हुतं की पानी. तोडलं हुतं का?" मग ते म्हणाले, "आन आपल्या घरात काय येगळं हाय व्हय? तुजी आजी काय करायची? मग तिलाबी धर की फासावर."

आबांनी उत्कर्षाला गप्प करायला ते म्हटलं होतं. पण फोन ठेवल्यावर खोलीत तेवढं एकच वाक्य उरलं. ती कॉटवर बसून राहिली. सही केली तर नागम्मा जाते. नाही केली तर आपण जातो, आणि आपलं नाव एका बाईचा घसा जाळणारी म्हणून कागदावर राहतं. कुठल्याही बाजूनं विचार करत गेलं तरी भिंत लागत होती, आणि त्या भिंतीवर चौथा नियम रंगवलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली. नागम्माच्या उशाशी तिची मुलगी महेश्वरी बसली होती. ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती, तीन दिवस खाडा पडला होता. खाटेखाली सफरचंदांची पिशवी दिसत होती.

"तुमच्या सरांनी पाटवलीत," महेश्वरी म्हणाली. "गिळायला येत न्हाई तिला, आन सफरचंदं पाटवलीत. कॉलेजातला येक जन सांगून गेला, आईनं नियम मोडला म्हनून तिला काडणार हायत. खरं हाय का?"

उत्कर्षा उभीच राहिली. नागम्मानं तिला पाहिलं, हातानं बसायची खूण केली. नाकात नळी होती. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती पेन्सिलीनं कानडीत लिहायची आणि महेश्वरी वाचून दाखवायची. आता तिनं तीन शब्द लिहिले.

महेश्वरीनं कागद बघितला. "इचारतीय, दोरा कुटं गेला?"

शेजारच्या खाटेवरची बाई खोकत होती. पंखा घरघरत होता.

"मी कापला," उत्कर्षा म्हणाली. "सरांनी सांगितलं, पण कात्री माझ्या हातात होती. बाटली मीच हलवली. तुम्हाला सांगायचं राहिलं. लेबल पडलेलं दिसलं होतं, तेही लावायचं राहिलं. सगळं राहिलं, अक्का."

महेश्वरी ताडकन उठली. "आन वर तोंड करून भेटाय आलाय!" तिचा आवाज सगळ्या वॉर्डभर गेला. नागम्मानं तिच्या ओढणीचं टोक धरून तिला खाली ओढलं. मग कागद घेतला. या वेळी ती बराच वेळ लिहीत होती, मधूनमधून थांबून, शब्द खोडून. महेश्वरीनं वाचायला घेतलं तेव्हा तिचा राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला होता.

"म्हनतीय... तू परवा दोरा कापलास. पर त्यो दोरा बांधायची पाळी माज्यावर नऊ वर्सं मागं आली. हातात बाटली कुनी दिली, का दिली, त्ये पन लिव्ह. नुसतं तुजं येकटीचं लिवलंस तर त्येबी खोटंच हुईल."

नागम्मानं डोळे मिटले. थोड्या वेळानं पुन्हा उघडले आणि आणखी एक ओळ खरडली. महेश्वरीच्या तोंडावर इतक्या वेळात पहिल्यांदा काहीतरी हलल्यासारखं झालं.

"म्हनतीय, हंड्याचं पानी लई गार हुतं."

उत्कर्षा तिथून थेट कॉलेजात आली. रिकाम्या वर्गात बसून तिनं अहवालाचा कोरा नमुना काढला आणि हातानंच लिहायला सुरुवात केली. प्रयोग लिहितात तसा लिहिला: काय दिसलं, कोणत्या क्रमानं, कोणत्या वेळी. पहिली चूक तिनं स्वतःची लिहिली. दोरा, फळी, लेबल, आणि मान वर न करता दिलेलं उत्तर. त्यानंतर हातमोजे, कोरडा नळ, प्लॅस्टिकच्या न आलेल्या बाटल्या. 'अपघाताचे मूळ कारण' या रकान्यापाशी तिची लेखणी अडली. मग तिनं लिहिलं:

'विभागात पिण्याच्या पाण्याचा हंडा प्रयोगशाळेच्या बाहेर, सुरक्षित जागी आहे. त्याला श्रीमती नागम्मा यांनी हात लावू नये अशी प्रथा होती. कारण स्वच्छतेचे सांगितले जाई. परंतु तीच रसायने हाताळणारे आम्ही बाकी सर्व जण त्याच हंड्यातून पाणी घेत होतो. त्यांचे पाणी वेगळे ठेवायचे म्हणून ते प्रयोगशाळेत आले आणि रसायनाच्या बाटलीत आले. नियम क्रमांक चार त्यांनी मोडला नाही. तो आम्ही त्यांच्याकडून रोज अकरा वाजता मोडून घेत होतो. ही गोष्ट मी पहिल्या दिवसापासून पाहत होते.'

'पुन्हा घडू नये म्हणून उपाय' या रकान्यात तिनं एकच वाक्य लिहिलं: 'सर्वांसाठी एक पाणी, आणि ते सर्वांनी आपल्या हाताने घ्यावे.'

कागद सरांकडे नेला तर तो फाइलला लागेल, हे सतरा नोंदींनी तिला शिकवलं होतं. ती कार्यालयात गेली. आवक-जावकच्या टेबलावर बिरुदेव होता, कॉलेजातला जुना लिपिक, कधी कुणाशी जास्त न बोलणारा.

"हे प्राचार्यांच्या नावे आहे. आवक क्रमांक द्या आणि माझ्या प्रतीवर शिक्का."

"मॅडम, ह्ये विभागप्रमुखांच्या सहीनं याय लागतंय."

"माहीत आहे. तरी द्या."

बिरुदेवनं चष्मा लावला आणि वाचायला लागला. नेहमी तो नुसता विषय बघून क्रमांक टाकायचा. आज त्याचं बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. मूळ कारणाच्या रकान्यावर ते थांबलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. त्यानं कार्यालयात इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यात पाण्याचा फिल्टर होता, त्याच्यापाशी दोन कारकून गप्पा मारत पाणी पीत होते.

त्यानं वाकून टेबलाखालून आपली पिशवी ओढली. तिच्यातून एक प्लॅस्टिकची बाटली काढून अहवालाशेजारी ठेवली. वापरून वापरून ती धुरकट झाली होती.

"बावीस वर्सं घरनं आणतोय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "लागलो तवा पयल्याच आटवड्यात कोन तरी कायतरी बोललं हुतं, त्या माटापाशी. मानूस रिटायर झाला, माट फुटला, फिल्टर आला. मी आपला आणतोच. बायकू इचारती, हापिसात पानी न्हाई व्हय? म्या म्हनतो, हाय, पर मला घरचंच लागतंय."

त्यानं शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि दोन्ही प्रतींवर जोरात मारला. फिल्टरपाशी उभे असलेले दोघे वळून बघायला लागले. एक प्रत त्यानं उत्कर्षाकडे सरकवली, पण सोडली नाही.

"जूनला तुमचं काय हुणार म्हाईत हाय न्हवं?"

"हो."

"मग ह्येबी लिवा." त्यानं बाटलीकडं बोट केलं. "आन माजं नाव घालून लिवा."

उत्कर्षानं पिशवीतून दोनशे पानी वही काढली. सतरावी नोंद संपली होती तिथं अठरा आकडा घातला. नागम्माची बाटली लिहिली, तिच्याखाली बिरुदेवची. पानावर अजून बरीच जागा होती.